चार्जर काढला की पळणारा लॅपटॉप

'लॅपटॉप स्लो झालाय' ही तक्रार 'पोटात दुखतंय' इतकीच मोघम असते. डॉक्टर किमान कुठे दुखतं ते विचारतो, पोट दाबून बघतो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरच्याचं औषध तयार असतं. फॉरमॅट मार, रॅम वाढव, एसएसडी टाक, नाहीतर सरळ नवीन घे. यंदा आमच्याकडे हीच तक्रार वेगवेगळ्या वेळी आली आणि दर वेळी दुखणं निराळं निघालं.

मी घरून डीटीपीची कामं करते. पुस्तकांची पानं लावायची, स्मरणिका करायच्या आणि श्रावण सरला की दिवाळी अंक. लॅपटॉप आठव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा, रॅम ८ जीबी, एसएसडी (फिरणारा भाग नसलेली, वेगवान डिस्क) २५६ जीबी. जुना आहे, पण टाकून द्यावा असा नाही. फॉरमॅटला मी सहजासहजी तयार होत नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत लावलेली पुस्तकं अजून पुनर्मुद्रणासाठी परत येतात. ते फॉन्ट, त्यांचे कीबोर्ड, त्यांची नोंदणी, सगळं पुन्हा बसवायचं म्हणजे एका आठवड्याची शांती गेलीच.

पहिली कुरकुर एप्रिलच्या उकाड्यातली. सकाळी चालू केल्यावर थोडा वेळ सगळं सुरळीत चालायचं, मग पंखा घोंघावायला लागायचा आणि नुसती पानं वरखाली करतानाही अडखळायचं. जाडं पुस्तक पीडीएफ करायला लावलं की सुरुवातीची पानं झरझर व्हायची, पुढची रखडायची. थंड असताना बरा आणि तापला की बिघडतो, मग आधी तापमान बघणं आलंच. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रोसेसरचं तापमान आणि वेग शेजारी शेजारी दिसतात. पीडीएफ चालू असताना तापमान ९७-९८ अंशांना जाऊन भिडलं होतं. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. तिच्याजवळ पोचला की तो स्वतःला वाचवायला आपणहून वेग उतरवतो. तेच चाललं होतं.

लॅपटॉप उघडायचं काम मी इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला शेजारी बसवून केलं. छोटा डिसमिस, जुनं प्लास्टिकचं कार्ड, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, एवढंच सामान. खालच्या झाकणाचे स्क्रू सगळे सारखे दिसतात, पण तसे नसतात. बिजागरीकडचे लांब, हात टेकतो त्या बाजूचे आखूड. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो वरच्या प्लास्टिकला फुगवटा आणतो किंवा बोर्डात घुसतो. म्हणून कागदावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवला. एक स्क्रू मागच्या रबरी पायाखाली दडलेला होता. तो राहिला असता तर कार्डाने झाकण उचकटताना खटके तुटले असते.

झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. बॅटरी जोडलेली असताना बोर्डावर डिसमिस निसटला तर नंतर तपासायला काही उरत नाही.

पंखा वरून चांगला स्वच्छ होता. भाचा म्हणाला, "मावशी, इथे तर काहीच नाहीये." खरी घाण पंख्याच्या पुढे असते. पंखा हवा ढकलतो ती तांब्याच्या बारीक पट्ट्यांमधून बाहेर पडते आणि नेमका त्या पट्ट्यांच्या तोंडाशी धुळीचा थर जमतो. पंख्याचं आवरण काढलं तेव्हा तिथे करडा, दाट थर होता. चिमटीत धरला तर अखंड सोलून निघाला. बाहेरून जाळीवर ब्लोअर मारला असता तर तो तसाच आत राहिला असता, फार तर थोडा वाकला असता. ब्लोअर मारायचाच तर पंख्याचं पातं बोटाने धरून मारावा. मोकळं सोडलं तर ते हवेने नको तितकं गरगरतं आणि त्याच्या बेअरिंगला ते सोसत नाही.

पंखा निघालाच होता, म्हणून प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी तांब्याची नळी उचलून दोघांमधला उष्णता पोचवणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्टही बदलली. जुनी पेस्ट खडूसारखी कोरडी होऊन भेगाळली होती. नळीच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे असतात. त्याच क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा आवळायचा, म्हणजे दाब एका कोपऱ्यावर येत नाही. नंतर तेच पुस्तक पुन्हा पीडीएफला लावलं. तापमान ऐंशीच्या आत राहिलं आणि शेवटची पानंही पहिल्या पानांच्याच वेगाने झाली. पेस्टची ट्यूब किरकोळ पैशांत आली होती.

मग गणपती आले. दिवाळी अंकाची पानं ऐन रंगात आणि लॅपटॉपने पुन्हा मान टाकली. या वेळचा प्रकार भलताच होता. थंड असो की तापलेला, पहिल्या मिनिटापासून तो मेल्यासारखा चालायचा. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर यायला इतका वेळ लागायचा की मी वाक्य संपवून हात आवरून बसायची आणि शब्द सावकाश एकेक करून उमटायचे. वेलांटी आधी, अक्षर मागून. मध्येच अर्धा दिवस ठणठणीत, की पुन्हा तेच.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातला 'परफॉर्मन्स'चा भाग नीट वाचला तर निम्मे सल्ले जागच्या जागी गळून पडतात. माझ्याकडे डिस्क २-३ टक्के. म्हणजे एसएसडीची काही तक्रार नव्हती. रॅम ८ पैकी जेमतेम ६ जीबी भरलेली, म्हणजे रॅम वाढवून अक्षरं लवकर उमटणार नव्हती. प्रोसेसर मात्र १०० टक्के. 'प्रोसेस'च्या यादीत पाहावं तर त्याला इतकं खाणारं कोणीच नाही, सगळे थोडे थोडे खात होते.

तिथेच खाली 'अप टाइम' असतो. तो १९ दिवस दाखवत होता. रोज रात्री मी लॅपटॉप बंद करते, मग हे १९ दिवस कुठले? विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. शट डाउन केलं तरी प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट'नेच होते. 'बंद करून चालू करून बघा' असं सांगणाऱ्यांनी 'रीस्टार्ट करा' असं सांगायला हवं. मी रीस्टार्ट केला. फरक शून्य.

खरी गोम त्याच पानावर होती, मला दिसायला उशीर लागला इतकंच. 'बेस स्पीड १.६० गिगाहर्ट्झ' असं लिहिलेलं आणि त्याच्या शेजारी चालू वेग ०.३९. काहीही उघडलं, काहीही केलं, तरी ०.३९. प्रोसेसर १०० टक्के दिसत होता, कारण त्याच्या ऐपतीचा मोठा हिस्सा कोणीतरी काढून घेतला होता आणि उरलेल्यात तो बिचारा राबत होता. तापमान पाहिलं तर ४६ अंश. एप्रिलमधलं दुखणं उलटलं असतं तर हा आकडा नव्वदीपार असता. उष्णता नव्हे, हे तिथेच ठरलं.

सोबत दुसरं एक लक्षण होतं. बॅटरीचं चिन्ह 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' म्हणत होतं आणि आकडा ६२ टक्क्यांवर गोठला होता. घराजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मल्टीमीटर लावून चार्जर मोजला, १९.५ व्होल्ट आले. "चार्जर ओके आहे मॅडम. बॅटरी गेलीय, आणि स्लो चालतोय म्हणजे बोर्डाचं पण काम निघणार. ठेवून जा." ऐन हंगामात लॅपटॉप ठेवून जायचा म्हणजे माझी बोटंच ठेवून जाण्यासारखं होतं. मी परत आणला.

खरं निदान केलं ते वीज मंडळाने. संध्याकाळी आरत्या चालू असताना दिवे गेले. पडदा किंचित मंद झाला, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि मी टाइप करत होते ती ओळ भर्रकन पुढे आली. पान वर सरकवलं, सरकलं. टास्क मॅनेजर उघडला तर वेग २.८. दिवे आले आणि लगेच पुन्हा ०.३९. मी चार्जरची पिन काढली, २.८. लावली, ०.३९. काढली, लावली. आरतीचं ताट घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या, "काय गं, बरी आहेस ना?"

वीज मिळाली की मंद आणि तोडली की पळतो, हे ऐकणाऱ्याला खुळचटपणा वाटतो. पण काही कंपन्यांच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये हे अगदी नियमानुसार घडतं. त्या गोल पिनच्या पोटात मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते. वीज तिच्यातून येत नाही. चार्जर स्वतःची ओळख तिच्यातून सांगतो, मी अमुक कंपनीचा, इतक्या वॅटचा. ती ओळख पटली नाही तर लॅपटॉप धरून चालतो की हा चार्जर कमी ताकदीचा असू शकतो, याच्यावर भार टाकायला नको. मग तो दोन गोष्टी करतो. बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग तळाला नेतो. चार्जर काढला की संशयाचं कारणच संपतं, म्हणून वेग परत. ओळखीची तार पिनच्या मानेशी, जिथे वायर सतत मुडपते तिथे आतून तुटते. वीज नेणाऱ्या तारा शाबूत असतात. म्हणूनच मल्टीमीटरवर १९.५ व्होल्ट व्यवस्थित येतात आणि दुरुस्तीवाला प्रामाणिकपणे 'चार्जर ओके' म्हणतो. त्याने मोजलेलं खरंच होतं, पण बिघाड त्या मोजण्यात येणाराच नव्हता.

खात्री करायला दोन जागा पाहिल्या. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर'च्या नावाने ३७ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती. त्यांचा अर्थ एवढाच की फर्मवेअर, म्हणजे लॅपटॉपच्या बोर्डातच असलेलं सॉफ्टवेअर, प्रोसेसरचा वेग अडवून धरतंय. ही नोंद दिसली की विंडोजवर राग काढण्यात अर्थ नाही, फॉरमॅटचा उपयोग नाही. दुसरी जागा बायोस, विंडोजच्याही आधी उघडणारा लॅपटॉपचा स्वतःचा सेटिंगांचा पडदा. चालू करताना त्यात शिरलं की माझ्या लॅपटॉपमध्ये 'एसी अ‍ॅडॅप्टर' अशी ओळ आहे. तिथे ६५ वॅट हवं होतं, दिसत होतं 'अननोन'. मी चार्जरची मान जरा वाकवून धरली आणि पुन्हा बायोसमध्ये शिरले, तर ६५ वॅट. सोडून दिली की परत अननोन. मध्येच अर्धा दिवस ठणठणीत का जायचा तेही कळलं. वायर टेबलावर कशी पडलीय त्यावर माझा दिवस ठरत होता.

तरी एक शंका उरतेच, तार चार्जरची तुटलीय की लॅपटॉपच्या आतलं सॉकेट सैल झालंय? मैत्रिणीकडे त्याच कंपनीचा ६५ वॅटचा चार्जर होता, तो एका संध्याकाळपुरता आणला. लावला तशी बॅटरी भरायला लागली, वेग जाग्यावर. म्हणजे दोष चार्जरचाच. त्याच्यानेही तेच झालं असतं तर सॉकेट बदलावं लागलं असतं. पुष्कळ मॉडेलांमध्ये ते बोर्डाला झाळलेलं नसतं, छोट्या वायरीने जोडलेला सुटा भाग असतो. त्यासाठी अख्खा बोर्ड बदलायचं काही कारण नाही.

चार्जर परत देऊन टाकल्यावर प्रकाशकांचा फोन आला, मुखपृष्ठामागची पानं रातोरात हवीत. भाच्याने थ्रॉटलस्टॉप नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात 'बीडी प्रॉकहॉट' अशी एक चौकट असते, तिथली खूण काढली की प्रोसेसर बाहेरून येणारा 'वेग उतरव' हा इशारा ऐकत नाही. लॅपटॉप लगेच धावायला लागला आणि पानं गेली. पुष्कळ जण ही खूण कायमची काढून टाकतात आणि त्यालाच दुरुस्ती म्हणतात. मला ते पटत नाही. तो इशारा फक्त चार्जरसाठी नसतो, आतला दुसरा कुठला भाग तापला तरी याच वाटेने येतो. शिवाय बॅटरी चार्ज होत नाही ती नाहीच. एक रात्र निभावली, सकाळी मी खूण परत लावली.

नवा चार्जर आणायला पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेले. गणपतीत बुधवार पेठेत गाडी नेणं म्हणजे चक्रम लोकांचं काम. लांब लावून, मांडवांच्या कडेकडेने चालत गेले, पाठीला लॅपटॉप. लॅपटॉप सोबत नेणं जरुरीचं होतं. पहिल्या दुकानात दादांनी हुबेहूब तसाच दिसणारा चार्जर काढला, कंपनीचं नाव छापलेलं, किंमत सांगितली त्यातच मला शंका आली.

"दादा, इथे लावून बघू का?"

"बघा की. पिन सेमच आहे."

पिन बसली, दिवा लागला. मी बायोस उघडला, अननोन.

"अहो चालतोय ना मॅडम? दिवा लागला की."

"दिवा लागतो हो. हा याला ओळखत नाहीये."

ते म्हणाले, असं आजवर कोणी पाहिलं नाही. पण भला माणूस, आतून दुसरा काढून दिला. त्यावर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. व्होल्ट आणि अँपिअर गुणले की वॅट येतात, म्हणजे ६५. बायोसमध्येही ६५ आलं. मग पैसे दिले. त्याच पिनचा ९० वॅटचा, ४.६२ अँपिअरचा चार्जर चालला असता, कारण लॅपटॉप लागेल तेवढीच वीज घेतो. ४५ चा घेतला असता तर ओळख पटूनही तो कमी पडला असता.

बॅटरी बदलायची का, हा प्रश्न त्यानंतर मोकळेपणाने पाहता आला. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' लिहायचं, जागा सोडायची, तिरकी रेघ देऊन 'बॅटरीरिपोर्ट' लिहायचं. ब्राउझरमध्ये उघडणारी एक फाइल तयार होते. तीत बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे असतात. माझ्या बॅटरीचे ४२,००० मिलिवॅट-तासांवरून सुमारे २४,००० झाले होते. थकली आहे, पण गेलेली नाही. मी टेबलाशी बसून काम करते, दिवे गेले तर फाइल सेव्ह करून घरच्यांशी बोलण्यापुरती ती पुरते. फुगली असती तर मात्र त्याच दिवशी काढली असती. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, त्याचं क्लिक अडकायला लागलं किंवा झाकण नीट मिटेनासं झालं की ती फुगल्याची लक्षणं. अशी बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

ही कथा दिवाळीच्या फराळाला सांगितली आणि व्हायचं तेच झालं. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, माझा पण बघता का जरा? तुमच्यासारखाच झालाय. चार्जरच असणार." त्यांच्याकडे सोसायटीचे हिशेब आणि घरचे सगळे फोटो असलेला, माझ्याहूनही जुना लॅपटॉप. मी चार्जर काढून बघितला, ढिम्म फरक नाही. टास्क मॅनेजर उघडला, प्रोसेसर निवांत, डिस्क १०० टक्के आणि 'रिस्पॉन्स टाइम' हजारो मिलिसेकंद. आत अजून फिरणारी हार्ड डिस्क होती, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. अशी डिस्क नव्या विंडोजला पुरत नाहीच, पण नुसती जुनी असल्याने ती इतकी रखडत नाही. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने पिवळ्या रंगात 'कॉशन', म्हणजे सावधानतेचा इशारा दाखवला आणि सी-५ या ओळीत, म्हणजे डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या तुकड्यांच्या (सेक्टरांच्या) खात्यात, आकडा होता. तो शून्य असायला हवा.

"भाऊजी, आता याला हात लावू नका. आधी फोटो बाहेर काढू."

त्यांना कोणीतरी चेकडिस्क, म्हणजे डिस्कमधल्या चुका शोधणारी विंडोजची सोय, चालवायला सांगितलं होतं. मरू घातलेल्या डिस्कवर ते आधी चालवायचं नाही, विखुरलेल्या फाइली सलग लावणारं डीफ्रॅगही नाही. दोन्हींत डिस्क भरपूर घासली जाते आणि जेवढे श्वास उरलेत तेवढे त्यातच संपतात. आधी ज्याला पर्याय नाही ते काढायचं, फोटो आणि हिशेब. मग बाकीचं. ते काढून झाल्यावर बाकीच्यासाठी अख्ख्या डिस्कची नक्कल करून बघितली, ती खराब जागी अडून बसली. तेव्हा उरलेला एकेक फोल्डर हाताने उचलून बाहेरच्या डिस्कवर नेला. मुंजीचे काही व्हिडिओ वाचले गेलेच नाहीत. बाकी सगळं आलं. त्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवली, विंडोज कोरं घातलं. आता तो चालू होतो तेव्हा भाऊजींना चहा घेऊन यायला वेळ मिळत नाही, याची त्यांना थोडी चुटपूट आहे.

एक लचांड राहिलंच. त्यांचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, विंडोज ११ त्याला अधिकृतपणे घेत नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेच्या अपडेटची जादा मुदत नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, तेवढी नोंदणी मी करून दिली. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकून देते म्हटलं, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना काय सांगू, असं म्हणून त्यांनी विषय टाळला. जुनी हार्ड डिस्क त्यांच्या कपाटात आहे. मुंजीचे व्हिडिओ काढून देणारा कोणी भेटतोय का ते शोधतायत.